लोखंडाच्या पोटातली एकजूट



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कंत्राटी पद्धतीवर किंवा साखर कारखान्यांतील हंगामी कामगारांवर बोलेन असे त्यांना वाटले असावे. ते विषय माझ्या रोजच्या भाकरीतले आहेत, आणि त्यांच्यावर मी वर्षाचे बारा महिने कारखान्यांच्या फाटकांवर बोलतच असतो. पण वसंत ऋतूतल्या या व्यासपीठाची रीत अशी की येथे माणसाने आपल्या धंद्याच्या कुंपणाबाहेर थोडे डोकावावे. म्हणून आज मी लोहचुंबकाविषयी बोलणार आहे. आणि त्याच्या पोटात काय चालले आहे हे पाहण्यासाठी मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे जे एक यंत्र उभे आहे, त्या ध्रुवित न्यूट्रॉनांच्या वर्णपटमापकाविषयी बोलणार आहे. माझे शिक्षण शाळेत नववीपर्यंतचे. पुढचे सगळे नगरवाचनालयात झाले. तेव्हा प्राध्यापक सांगतात तसे मी सांगू शकणार नाही. एका कामगाराने दुसऱ्याला नवे यंत्र समजावून द्यावे, तसे मी सांगेन.

आरंभ आपल्या नदीपासूनच करू. साताऱ्याजवळ माहुलीला किंवा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेच्या वाळूतून लोहचुंबक फिरवला तर त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी खेळला असेल. ते काळे कण बहुतांशी मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे. ते येतात आपल्या डोंगरांतून. अजिंक्यतारा, सज्जनगड, महाबळेश्वर हे सारे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रसाच्या रूपाने वर आला आणि थिजला. थिजताना त्यातल्या या बारीक कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्या अंगात कोंडून घेतली. ती दिशा मोजूनच शास्त्रज्ञांनी ठरवले की हा पाषाण थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. ज्या दगडाच्या पायरीवर आपण चपला काढतो, तो एवढी मोठी साक्ष पोटात ठेवून बसला आहे. बाहेरून पाहावे तर काही नाही.

बाहेरून काही नाही आणि आत पुष्कळ काही, हेच आजच्या विषयाचे सूत्र आहे. ते कारखान्यातही दिसते. सरफेस ग्राइंडरवर काम करणाऱ्याला विचारा. मॅग्नेटिक चकवर जॉब धरला, घासला आणि उतरवला, की तो जॉब स्वतःच थोडासा चुंबक झालेला असतो. त्याला लोखंडाचा किस चिकटतो आणि मापात घोटाळा होतो. म्हणून त्याचे चुंबकत्व काढून टाकावे लागते. आता प्रश्न असा की चकवर चढण्यापूर्वी त्या पोलादात काय नव्हते आणि उतरल्यावर काय आले? तुकडा तोच, वजन तेच, त्यातला अणू न् अणू तोच.

याचे उत्तर पिएर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०७ साली दिले. नवे काहीच आले नाही, असे त्याने सांगितले. लोखंडाचा प्रत्येक अणू हा मुळातच एक चिमुकला चुंबक आहे. हे अणू मोकाट उभे नाहीत. लोखंडाच्या तुकड्यात बारीक बारीक कप्पे असतात आणि एका कप्प्यातले सारे अणू एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. पण या कप्प्याची दिशा पूर्वेकडे, शेजारच्याची पश्चिमेकडे, तिसऱ्याची आणखी कुठे. बेरीज शून्य. बाहेरून मोठा चुंबक जवळ आणला की या कप्प्यांच्या सीमा सरकतात, अनुकूल कप्पे वाढतात, प्रतिकूल आकसतात, आणि तुकडा चुंबक होतो. संघटनेत हयात घालवलेल्या माणसाला हे वाचताना हसू आल्याशिवाय राहत नाही. एकाच खात्यात सात गट, प्रत्येक गटात कडेकोट एकी, आणि साहेबांपुढे सगळ्यांची मिळून बेरीज शून्य, असे चित्र मी अनेकदा पाहिले आहे. मात्र हा दृष्टान्त मी फार ताणणार नाही. अणूला मत नसते, पोट नसते, घरी शिकणारी पोरे नसतात. त्याची एकजूट निसर्गनियमाने होते. आपली आपल्याला करावी लागते.

ही अणूंची एकजूट उष्णतेने मोडते. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सियसपलीकडे तापले की ते चुंबकाला दाद देत नाही. निवले की अणू पुन्हा रांगेला लागतात.

पुढे लुई नेएल या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणखी चमत्कारिक गोष्ट मांडली. काही पदार्थांत, तो म्हणाला, कप्पे नसतानाही बेरीज शून्य येत असली पाहिजे; कारण तेथे शेजारचे अणूच एकमेकांच्या विरुद्ध तोंड करून उभे असतात. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. आत संपूर्ण शिस्त आणि बाहेर चुंबकत्व जवळजवळ काहीच नाही. आणि मॅग्नेटाइटसारख्या पदार्थांविषयी १९४८ साली त्याने असे सांगितले की तेथे दोन विरुद्ध पक्ष आहेत, पण त्यांचे बळ सारखे नाही. आपल्या कृष्णेच्या वाळूतल्या कणाचेच उदाहरण घ्या. त्यात लोखंडाचे अणू दोन प्रकारच्या जागांवर बसलेले असतात. रस्सीखेच समजा. एका बाजूला पाच बळाचा एक गडी. दुसऱ्या बाजूला पाच बळाचा एक आणि चार बळाचा एक, असे दोन गडी. पाचाने पाच कटले, उरले चार. मॅग्नेटाइटचे चुंबकत्व मोजले तर तेही चाराच्या जवळपासच भरते.

हिशेब तर जुळला. पण हिशेब जुळणे म्हणजे पुरावा नव्हे. व्यवस्थापनाच्या ताळेबंदात बेरीज नेहमीच जुळते. आतले खाते उघडून पाहिल्याशिवाय आपण सही करीत नाही. उरलेले चार हे नऊ वजा पाच आहेत की नुसते चारच आहेत, हे बाहेरून कसे ओळखायचे? त्यासाठी आत शिरून प्रत्येक जागेवरच्या अणूला विचारायला हवे की बाबा, तुझे तोंड कोणीकडे?

आत पाहण्याच्या काही रीती आपल्याकडे आहेतच. क्रँकशाफ्टला सूक्ष्म तडा गेला आहे का हे पाहण्यासाठी आपण त्याला चुंबकवून त्यावर लोखंडाची भुकटी टाकतो. तड्यावर भुकटी गोळा होते. पण ही झाली कातडीची परीक्षा. क्ष-किरण स्फटिकाच्या आत जातात आणि अणू कोठे बसले आहेत हे उत्तम सांगतात. परंतु अणूंची चुंबकीय दिशा त्यांना फारच मंद दिसते. येथे कामाला आला न्यूट्रॉन.

न्यूट्रॉनाचा शोध जेम्स चॅडविक याने १९३२ साली लावला. हा अणुगर्भातला कण. त्याच्यावर विद्युतभार नाही, म्हणून इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून तो बिनहरकत जातो आणि लोखंडातही काही सेंटिमीटर खोल शिरतो. पण भार नसला तरी तो स्वतः एक सूक्ष्म चुंबक आहे. म्हणजे जणू चुंबकसुई घेऊन निघालेला हेर! शिवाय अणुभट्टीतून निघालेल्या संथ न्यूट्रॉनाची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराएवढीच असते, त्यामुळे अणूंच्या रांगांवर आपटून तो ठराविक कोनांतच परावर्तित होतो. संथ म्हटले तरी तो सेकंदाला तीन किलोमीटरांच्या आसपास धावतो. म्हणजे सातारा ते कराड हे अंतर पंधरा-सोळा सेकंदांत. शास्त्रात संथ हा शब्द असा सापेक्ष असतो.

अमेरिकेत ओक रिज येथे क्लिफर्ड शल आणि सॅम्युअल स्मार्ट यांनी १९४९ साली मँगनीज ऑक्साइडची पूड खूप थंड करून तीवर न्यूट्रॉन सोडले. थंड पुडीतून परावर्तनाच्या काही जास्तीच्या रेषा उमटल्या. पूड खोलीच्या उष्णतेला आणली की त्या रेषा नाहीशा. अणूंच्या जागा त्याच होत्या, मग त्या रेषा कशाच्या? एक वर, एक खाली या रचनेच्या. नेएलने कागदावर मांडलेली शिस्त प्रत्यक्ष दिसली. आणि १९५१ मध्ये शल व त्याचे सहकारी यांनी मॅग्नेटाइट तपासून तेथले दोन विरुद्ध पक्षही खरे ठरवले. नेएलला १९७० साली आणि शल यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या वाळूतला कण असा स्टॉकहोमपर्यंत जाऊन आला आहे.

आता ध्रुवित हा शब्द. वर्तमानपत्रांत ध्रुवीकरण म्हटले की निवडणूक आठवते. येथे अर्थ निराळा आहे. भट्टीतून निघणाऱ्या न्यूट्रॉनांच्या सुया जिकडेतिकडे वळलेल्या असतात. त्यांतून एकाच दिशेची सुई असलेले निवडून घेतले की तो झोत ध्रुवित झाला. एवढा खटाटोप कशासाठी? साधे गणित आहे, कागद-पेन्सिल नको. न्यूट्रॉन अणूवर आपटतो तेव्हा दोन गोष्टी त्याला ढकलतात : एक अणुगर्भ आणि दुसरी अणूचे चुंबकत्व. समजा अणुगर्भाचा जोर दहा आहे आणि चुंबकत्वाचा फक्त एक. साध्या, अध्रुवित झोतात या दोहोंचे वर्ग वेगवेगळे करून मिळवावे लागतात : दहाचा वर्ग शंभर, एकाचा वर्ग एक, एकूण एकशे एक. शंभरात एकाचा फरक. तो यंत्राच्या खडखडाटात हरवून जायचा. आता झोत ध्रुवित करा. सुई वर असेल तर दोन्ही जोर आधी मिळतात आणि मग वर्ग होतो : अकराचा वर्ग एकशे एकवीस. सुई खाली केली तर जोर वजा होतो : नवाचा वर्ग एक्याऐंशी. एकशे एकवीस आणि एक्याऐंशी! जो फरक एक टक्का होता तो दीडपट झाला. वस्तू तीच, चुंबकत्व तेवढेच. फक्त विचारणारा शिस्तीत गेला आणि त्याने एकच प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला. हे गणित मला प्रथम उमगले त्या रात्री मला झोप आली नाही.

याच गणितात झोत ध्रुवित करण्याची किल्लीही आहे. एखादा स्फटिक असा शोधा की ज्यात दोन्ही जोर सारखे आहेत. मग वरच्या सुईसाठी ते मिळून दुप्पट होतात आणि खालच्या सुईसाठी कटून शून्य. म्हणजे तो स्फटिक एकाच प्रकारचे न्यूट्रॉन परत पाठवतो, दुसऱ्यांना परावर्तित करीतच नाही. ट्रॉम्बेच्या यंत्रात यासाठी तांबे, मँगनीज आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा स्फटिक वापरतात. या जातीचे मिश्रधातू फ्रित्झ हॉइस्लर या जर्मन अभियंत्याने १९०३ साली जगापुढे मांडले. त्यांतली गंमत पाहा : तांब्याला चुंबक ओढत नाही, मँगनीजला नाही, ॲल्युमिनियमलाही नाही. तिघे ठराविक प्रमाणात एकत्र आले की चुंबक होतात. यावर भाष्य करण्याचा मोह मी आवरतो.

आता यंत्राची रचना सांगतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव नावाची अणुभट्टी आहे. १०० मेगावॅट शक्तीची, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरणारी. ती ८ ऑगस्ट १९८५ रोजी प्रथम चालू झाली. आरंभी इंधनाच्या जुडग्यांना कंपनाचा त्रास झाला, तो आपल्याच लोकांनी निस्तरला आणि १९८८ मध्ये ती पूर्ण शक्तीने चालू लागली. भट्टीच्या जाड भिंतीतून काही नळ बाहेर काढलेले आहेत. त्यांतून न्यूट्रॉनांचे झोत येतात. एका झोतापुढे हे यंत्र आहे. झोत प्रथम त्या तीन धातूंच्या स्फटिकावर पडतो आणि ध्रुवित होतो. वाटेत सुया ढळू नयेत म्हणून मंद चुंबकीय क्षेत्र धरलेले असते. मग एक सुई-पालट असतो. विजेचा प्रवाह सोडला की सगळ्या सुया खालच्या वर होतात. मग नमुना, तो हवा तसा थंड करता येतो. नमुन्यापलीकडे कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचा दुसरा स्फटिक, जो किती सुया अजून मूळ दिशेला आहेत याची छाननी करतो. आणि शेवटी मोजणारा. तो एक एक न्यूट्रॉन मोजतो. सुई वर ठेवून मोजायचे, खाली करून मोजायचे, पुन्हा वर, पुन्हा खाली. उष्णता थोडी बदलायची, परत मोजायचे. हे काम घिसाडघाईचे नाही.

या यंत्राने आणखी एक तपासणी करता येते, आणि मला तीच फार आवडते. त्यासाठी न्यूट्रॉनांना परावर्तित होऊ न देता नमुन्यातून सरळ आरपार जाऊ द्यायचे. असे समजा की चार-चारांच्या रांगांचा एक शिस्तीचा मोर्चा बाजारपेठेत शिरला. पेठ रिकामी असेल तर तो दुसऱ्या टोकाला तसाच बाहेर पडेल. पेठेत नुसती पांगलेली गर्दी असेल, एकाचा धक्का इकडून, एकाचा तिकडून, तर धक्के एकमेकांत जिरतात आणि मोर्चा बहुतेक शाबूत राहतो. पण पेठेत मोठमोठे जमाव असतील आणि प्रत्येक जमाव आपापल्या दिशेला रेटीत असेल, तर रांगा मोडतात. दुसऱ्या टोकाला उभे राहून किती रांगा शाबूत आल्या हे मोजले की आत जमाव होते की नाही, आणि साधारण केवढे होते, हे पेठेत न जाता कळते. न्यूट्रॉनाचे तसेच. चुंबकीय कप्प्यात शिरला की त्याची सुई भोवऱ्याच्या आसासारखी घोळू लागते. कप्पे मोठे असतील तर बाहेर येईपर्यंत सुया विस्कटतात. अणूगणिक दिशा बदलत असेल तर घोळायला वेळच मिळत नाही आणि झोत ध्रुवितच राहतो. अशा रीतीने कप्प्यांच्या आकाराचा अंदाज येतो. फेराइट, मँगनाइट अशा अनेक पदार्थांचा अभ्यास ट्रॉम्बेत या मार्गाने झाला आहे.

ट्रॉम्बेच्या संशोधकांनी २००९ साली एका पदार्थाविषयी माहिती प्रसिद्ध केली. तो प्रशियन निळीच्या कुळातला. म्हणजे जी निळी रंगाऱ्यांच्या ओळखीची आहे, तिच्याच घराण्यातला. हा पदार्थ थंड करीत गेले की एका ठराविक उष्णतेला त्याचे चुंबकत्व शून्यावर येते आणि आणखी थंड केला की उलटे होते : उत्तर ध्रुवाचा दक्षिण, दक्षिणेचा उत्तर. रस्सीखेचीचा दृष्टान्त पुन्हा आठवा. दोन विरुद्ध पक्ष आहेत, आणि थंडी वाढेल तशी दोघांचीही ताकद वाढते, पण सारख्या गतीने नाही. मघाशी जिंकणारा पक्ष मागे पडतो आणि दोर उलट सरकतो. मधल्या क्षणी दोर स्थिर असतो, तेव्हा बाहेरच्याला वाटेल की कोणी ओढतच नाही. प्रत्यक्षात दोन्ही बाजू प्राणपणाने ओढीत असतात! शून्य दिसणे आणि शून्य असणे यांतला फरक याहून स्पष्ट कोठे दिसणार?

तुम्ही विचाराल, याचा उपयोग काय? विचारलेच पाहिजे. विहिरीवरच्या मोटरीचे उदाहरण घ्या. आपल्या किर्लोस्करवाडीला १९१० सालापासून नांगर आणि पुढे पंप घडत आले आहेत. तेव्हा मोटर ही या भागाला घरच्यासारखी. मोटरीच्या पोटातल्या पत्र्यांत हे चुंबकीय कप्पे सेकंदाला पन्नास वेळा इकडून तिकडे होतात. त्या सरकण्यात वीज खर्ची पडते आणि मोटर तापते. कप्पे सहज सरकतील असा पत्रा करणे म्हणजे शेतकऱ्याचे वीजबिल वाचवणे. उलट ध्वनिक्षेपकात किंवा विजेवरच्या दुचाकीच्या मोटरीत बसवायच्या चुंबकाचे कप्पे मुळीच सरकता कामा नयेत. संगणकाच्या तबकडीत अक्षरे लिहिली जातात ती चुंबकीय दिशांनीच. हे सारे पदार्थ सुधारायचे तर आतले पाहावे लागते. एका यंत्राने उद्या बिल निम्मे होईल असे मी म्हणणार नाही. पण ज्याला आतले दिसत नाही त्याला सुधारणा ही चाचपडूनच करावी लागते.

आता एक अवघड गोष्ट. ती न बोलता मी खाली बसलो तर ते बरे होणार नाही. अणुभट्टीतून नुसते ज्ञानाचे झोत निघत नाहीत. ओक रिजची ज्या भट्टीवर मँगनीज ऑक्साइडची शिस्त दिसली, ती १९४३ साली महायुद्धात प्लुटोनियम बनवण्याची रीत बसवण्यासाठी उभारली होती. आपल्याकडेही तसेच. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा भट्टी चालू झाली; १९६० साली कॅनडाच्या साहाय्याने सायरस आली. पी. के. अय्यंगार हे तरुण शास्त्रज्ञ कॅनडात चॉक रिव्हर येथे बर्ट्रॅम ब्रॉकहाउस यांच्याजवळ न्यूट्रॉनांची विद्या शिकून आले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह ट्रॉम्बेला ती रुजवली. न्यूट्रॉनांची यंत्रे आपल्याच कार्यशाळांत घडू लागली. १९६० च्या दशकात असे एक भारतीय यंत्र फिलिपीन्सलाही गेले. ब्रॉकहाउस यांना शल यांच्याबरोबरच १९९४ चे नोबेल मिळाले. आणि हेच अय्यंगार १९७४ च्या पोखरण स्फोटामागच्या प्रमुख मंडळींतही होते; त्या स्फोटाचे प्लुटोनियम सायरसमधलेच होते. ध्रुव भट्टीचेही प्लुटोनियम हे एक काम आहे. एकाच भट्टीच्या एका अंगाला अणूच्या सुईची दिशा विचारणारा माणूस बसलेला असतो आणि दुसऱ्या अंगाने शस्त्राचे द्रव्य तयार होते.

यावर तुमच्यात मतभेद असणार, आणि असावेत. माझे मत असे की, भट्टी आपल्या पैशाने उभी आहे, तेव्हा तिच्या दोन्ही कामांची चर्चा करण्याचा अधिकार आपल्याला आहे. शस्त्राच्या कामाला गुप्ततेचे कुलूप असते. विज्ञानाच्या कामाला ते नसते. तेथे जे सापडते ते छापले जाते आणि जगातला कोणीही ते तपासू शकतो. म्हणून हे उघडे अंग जितके वाढेल तितके बरे. ते वाढवायचे तर त्याचा आग्रह धरणारी माणसे हवीत, आणि आग्रह धरायचा तर ते अंग आहे हे आधी ठाऊक हवे. मी आज न्यूट्रॉनांवर बोलायचे ठरवले ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट भट्टीजवळच्या कामगारांची. शास्त्रज्ञाचे नाव निबंधावर येते. स्फटिक बसवणारा फिटर, शिशाचे आणि मेणाचे आडोसे रचणारा, नमुना थंड ठेवणारा, फरशी पुसणारा, यांची नावे येत नाहीत. किरणोत्सर्गाच्या कामावरच्या माणसाने किती मात्रा घेतली हे मोजणारा बिल्ला त्याच्या छातीवर असतो. आपल्या देशाचा नियम असा की पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्टपलीकडे जाऊ नये आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ नये. नियम चांगला आहे. संघटनेचा माणूस म्हणून मी एवढेच म्हणेन की बिल्ला कायम कामगाराचा असो की कंत्राटी कामगाराचा, त्यावरचा आकडा सारख्याच काळजीने वाचला गेला पाहिजे आणि तो त्याला त्याच्या भाषेत समजला पाहिजे. न्यूट्रॉनाला वर्गवारी कळत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मुलांची. ट्रॉम्बेची ही यंत्रे फक्त तेथल्या नोकरदारांसाठी नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचा एक संयुक्त संघ आहे. मुख्य केंद्र इंदूरला, एक केंद्र मुंबईला. त्याच्यामार्फत महाविद्यालयांतल्या आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना या झोतांवर आपले नमुने तपासता येतात. १९६२ साली स्थापन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठात फेराइटांवर पुष्कळ अभ्यास झाला आहे. फेराइट हे कुंभारकामच म्हणा ना : ऑक्साइडांच्या पुडी दळायच्या, मिसळायच्या, दाबून वडी करायची आणि भट्टीत भाजायची. ही वडी सांगलीच्या किंवा कराडच्या मुलालाही भाजता येईल. ती घेऊन मिरजेहून रात्रीची गाडी धरली की सकाळी तो मुंबईत. फ्रान्समध्ये ग्रनोब्लला जी भट्टी आहे तिच्यात न्यूट्रॉनांची दाटी ध्रुवाच्या सुमारे आठपट आहे, हे खरे. तेथे जे मापन तासात होते त्याला येथे जास्त वेळ लागतो. पण ज्याला प्रश्न नीट विचारता येतो त्याला थांबताही येते.

येथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. शाळेत लोहचुंबकाचा धडा दोन ध्रुव आणि एक सुई एवढ्यावर संपवू नका. मुलांना नदीवर न्या, वाळूत चुंबक फिरवू द्या, आणि चिकटलेल्या काळ्या कणाकडे बोट दाखवून सांगा की याच्या पोटात पाच एकीकडे आणि नऊ दुसरीकडे ओढताहेत, आणि आपल्याला दिसतात ते उरलेले चार. बाकीचे दहा दिसत नाहीत, पण आहेत. आणि ते आहेत हे माणसाने मोजून सिद्ध केले आहे.

समाजातही असे दहा असतातच. ते मोजायला न्यूट्रॉन उपयोगाचा नाही. ते काम तुमचे-माझे आहे.